नम्रतेचा पत्ता चुकलाय

या विकांताचा विषय आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना कंटाळा येणार आहे त्यांना वेळेत पळता येईल. विषय आहे ख्रिस्ती माणसाची नम्रता. मागे डेटाबेसच्या इंडेक्सवर लिहिलं होतं तेव्हा मोजून तीन जणांनी वाचलं होतं, आज किती टिकतात बघू :)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अस्मादिक मराठी ख्रिस्ती, मूळ गाव अक्कलकोट. होय, स्वामी समर्थांचंच अक्कलकोट. "तिथे ख्रिस्ती पण असतात का रे?" हा प्रश्न मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून विचारला जातोय. असतात. थोडे असतात, पण असतात. आणि नातीगोती सोलापूर, नगर, मराठवाडा अशी पसरलेली असल्यामुळे लग्नं, वर्षश्राद्धाऐवजी होणाऱ्या स्मरणसभा, नाताळ, ईस्टर अशा निमित्ताने बऱ्याच मंडळ्यांमध्ये जाणं-येणं होतं. (मंडळी म्हणजे चर्चचे सभासद मिळून जो काही समाज होतो तो. 'काय मंडळी, जेवलात का' मधली मंडळी वेगळी.)

तर या सगळ्या मंडळ्यांमध्ये मी लहानपणापासून सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं प्रवचन कुठलं असेल तर ते गर्वावरचं. गर्व हे पहिलं पाप. सैतान देवदूत होता, गर्वानेच पडला. म्हणून लीन व्हा. बाहेरच्या मराठीत 'लीन' हा शब्द आता 'चरणी लीन' पुरता उरलाय, आमच्याकडे मात्र तो रोजच्या वापरातला आहे. "पोरगी हुशार आहे, पण लीनता नाही" हे वाक्य मी किमान चार वेगवेगळ्या मुलींबद्दल ऐकलंय. मुलांबद्दल कमी. पंच कमिटीच्या अध्यक्षांबद्दल कधीच नाही.

आणि माझं भांडण नेमकं इथेच आहे. शिकवणीशी नाही. गर्व वाईट, हे मला मान्य. गर्व माणसाला आतून पोखरतो हेही मान्य. मी आयटीत काम करतो, पॅकेजचा आकडा आणि ऑनसाईटचे फोटो हे दोनच विषय असलेली माणसं रोज बघतो, तेव्हा गर्व म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. माझं म्हणणं एवढंच की ही शिकवण ज्या पत्त्यावर जायला हवी तिथे ती पोचतच नाही. ती जाते ज्यांच्याजवळ गर्व करण्यासारखं फारसं काही नाही त्यांच्या घरी. आणि पाठवणारा असतो तो, ज्याच्या नावाने ती आलेली असते.

उदाहरण देतो. गाव आणि मंडळी मुद्दाम सांगत नाही. एका मंडळीची वार्षिक सभा. चर्चच्या जागेत रस्त्याकडेला काही गाळे आहेत, ते भाड्याने दिलेले. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स असलेली एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, गाळ्यांचं भाडं किती येतं आणि कशावर खर्च होतं ते गेल्या तीन वर्षांत सभेपुढे आलेलं नाही, तेवढं सांगा. बास. आवाज चढलेला नाही, आरोप नाही. व्यासपीठावरून उत्तर काय आलं? "बहिणीच्या बोलण्यात लीनतेचा आत्मा दिसत नाही. आपण सर्वांनी तिच्यासाठी प्रार्थना करू." आणि खरोखर प्रार्थना केली ओ! डोळे मिटून, तिचं नाव घेऊन. मी मागच्या बाकावर पाहुणा म्हणून बसलो होतो. प्रार्थना संपली तेव्हा ती बाई खाली बसलेली होती आणि सभा पुढच्या विषयावर गेलेली होती. पुढच्या रविवारच्या उपदेशाचा विषय होता परूशी आणि जकातदार.

एक तांत्रिक बाब सांगतो, कारण सवय आहे. महाराष्ट्रात बहुतेक चर्चच्या मालमत्ता सार्वजनिक न्यासांच्या नावावर असतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार अशा न्यासाने हिशेब ठेवायचे, ते तपासून घ्यायचे आणि धर्मादाय कार्यालयाला द्यायचे असतात. म्हणजे ती बाई जे मागत होती ते आकडे कुठल्यातरी फायलीत असायलाच हवेत. ते वाचून दाखवायला पाच मिनिटं लागली असती. प्रार्थना सात मिनिटं चालली.

आता परूशी आणि जकातदाराची गोष्ट घ्या. लूकच्या अठराव्या अध्यायात आहे. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. एक धार्मिक, उपवास करणारा, दशांश देणारा, स्वतःवर खूश. दुसरा बदनाम, लांब उभा, वर बघायचीही हिंमत नसलेला. नीतिमान ठरतो तो दुसरा. ही गोष्ट येशूने कोणाला सांगितली? लूक तिथेच लिहून ठेवतो: जे स्वतःला धार्मिक समजून इतरांना तुच्छ लेखत होते त्यांना. जकातदारांची सभा भरवून "अजून थोडं खाली वाका" असं सांगण्यासाठी ती गोष्ट नाहीये. मग आमच्याकडे ती सांगताना सांगणारा दर वेळी जकातदाराच्या बाजूला कसा काय उभा असतो? म्हणजे व्यासपीठावर उभं राहून, माईक हातात धरून, "मी तर पापी माणूस" म्हणायचं आणि परूशी कोण, तर तिसऱ्या रांगेतली नर्स. कमाल आहे.

शुभवर्तमानं एकदा याच एका प्रश्नासाठी वाचून काढा: कोण कोणाला गप्प करतंय? यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडतो तेव्हा गर्दी त्याला दटावते, गप्प बस म्हणते. गर्दीच्या मते ती त्याला नम्रताच शिकवत असणार. तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि त्याला बोलावून घेतो. कनानी बाई आपल्या मुलीसाठी येते, तिला अगदी अपमानास्पद वाटेल असं उत्तर मिळतं, आणि ती काय करते? वाद घालते. त्याच उत्तरातला शब्द पकडून उलट उत्तर देते. येशू तिला "लीनता नाही" म्हणत नाही, तिच्या विश्वासाची वाखाणणी करतो. आणि येशूची आई मरीया जे स्तोत्र म्हणते त्यात तर राजे सिंहासनावरून खाली ओढले जातात. आमच्याकडच्या एखाद्या मुलीने असं गाणं स्वतः रचून म्हटलं असतं तर तिच्यासाठी प्रार्थना झाली असती :)

आता तुम्ही म्हणाल पाय धुण्याचं काय? योहानाचा तेरावा अध्याय. तो तर माझ्याच बाजूचा आहे. त्या खोलीत पाय धुण्याचं काम कोणी केलं, तर सगळे ज्याला गुरू आणि प्रभू म्हणत होते त्याने. पेत्राने संकोचून नको म्हटलं तरी केलं. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल जी नम्रता सांगतो तीही तीच, वरून खाली उतरण्याची. ज्याच्याकडे सगळं होतं त्याने ते सोडलं. खाली असलेल्याला आणखी खाली ढकलणं हे त्यात कुठेच नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आज्ञा-गुरुवारी रोममधल्या बाल-गुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमान होते. त्यावेळच्या नियमात हा विधी फक्त पुरुषांवर करायचा असं होतं, त्यामुळे बरीच ओरड झाली. २०१६ मध्ये नियमच बदलला. आम्ही प्रोटेस्टंट, पोपशी आमचा तसा संबंध नाही, पण बघा की, पत्ता बरोबर लागला की विधीसुद्धा कसा जिवंत होतो. आमच्याकडेही काही ठिकाणी पाय धुण्याचा कार्यक्रम होतो. मी पाहिलाय तिथे ज्यांचे पाय धुवायचे ते आधीच घरून साबण लावून स्वच्छ करून आले होते, आणि फोटोग्राफर सांगितलेला होता.

अवांतर: हा रोग फक्त चर्चचा नाही. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही चौकात जा. वीस फुटांचा फ्लेक्स, त्यावर स्वतःचा गॉगल घातलेला फोटो, आणि खाली 'आपला नम्र'. हापिसातही तेच. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९७० मध्ये 'सर्व्हंट लीडर' म्हणजे सेवक-नेता ही कल्पना मांडली, ती फिरत फिरत स्क्रममध्ये आली, आणि प्रत्येक स्क्रम मास्टर सेवक झाला. स्क्रम गाईडच्या २०२० च्या आवृत्तीत शब्दरचना बदलून 'सेवा करणारे खरे नेते' अशा अर्थाची केली. शब्द बदलला तरी शुक्रवारी रात्री डिप्लॉयमेंटला कोण बसतं ते बदललं नाही. असो.

पण आमच्या हापिसातली एक गोष्ट मला चर्चपेक्षा जास्त ख्रिस्ती वाटते, ती म्हणजे कोड रिव्ह्यू. पंधरा वर्षं अनुभवाच्या माणसानेही लिहिलेला कोड दुसऱ्याने बघितल्याशिवाय पुढे जात नाही. काल लागलेली पोरगी त्यावर "ही व्हॅल्यू रिकामी आली तर?" असं लिहू शकते, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. तो माणूस स्वभावाने नम्र आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. व्यवस्थाच अशी आहे की त्याला थांबून ऐकावं लागतं. मंडळीचा तपासलेला हिशेब म्हणजे दुसरं काय आहे? तो कोड रिव्ह्यूच आहे. ज्याच्या हातात किल्ल्या आहेत त्याने वर्षातून एकदा सगळ्यांसमोर उभं राहून पै-पैचं उत्तर देणं. माझ्या मते व्यासपीठाची लीनता एवढीच आहे आणि ती मोजता येते.

आता जरा कडू भाग. आमच्या पट्ट्यातली बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबं गावकुसाबाहेरून आलेली आहेत. जात चर्चमध्ये कोणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याच्या कडेला सरून, कमरेत वाकून 'जोहार मायबाप' केलेलं आहे. वाकण्याचा एवढा सराव असलेल्या लोकांना धर्मांतरानंतर पहिली गोष्ट काय शिकवायची? तर वाका! मायबाप तेवढे बदलले. आधी पाटील होते, मग साहेब आले, आता आमचेच पंच.

आणि हे आम्हाला कोणी सांगितलं नाही असंही नाही. जानेवारी १९३८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात आले होते, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती लोकांपुढे त्यांचं भाषण झालं. अक्कलकोटपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर. वृत्तांत 'जनता'त छापून आला. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्याला ओढून घेतलं असं ते त्यात म्हणतात, आणि आमचे लोक हे वाक्य आजही कौतुकाने सांगतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात. पण भाषण तिथे संपत नाही. पुढे ते जे सुनावतात ते मात्र कोणी फिरवत नाही: तुमचा समाज शिकला, नोकऱ्यांना लागला, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाही, राजकारणात मागे राहिला. त्यांच्या मृत्यूनंतर १९८९ साली समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात छापलेल्या लेखांमध्ये ते याच्याही मुळाशी गेलेत. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की अस्पृश्याच्या अवस्थेला त्याची परिस्थिती कारणीभूत आहे. त्याला तुझ्या पापामुळे तुझी ही गत आहे असं शिकवलंत तर तो परिस्थिती बदलायला उठणारच नाही. यातलं पापाबद्दलचं सगळंच मला पटतं असं नाही. पण "परिस्थिती विचारू नकोस, आधी स्वतःचं मन तपास" हे वाक्य मी त्या वार्षिक सभेनंतर चहाच्या वेळी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, त्यामुळे बाबासाहेबांशी वाद घालायला मला फारशी जागा दिसत नाही.

असंच काहीसं १९६० साली वॅलरी सायव्हिंग या अमेरिकन अभ्यासिकेने एका लेखात स्त्रियांबद्दल लिहिलं. धर्मशास्त्र लिहिणारे सगळे पुरुष, म्हणून त्यांनी गर्व हेच मोठं पाप ठरवलं. बायकांचा मोह बहुधा उलटा असतो, स्वतःला पुसून टाकण्याचा. त्यांना गर्व सोडा हे सांगणं म्हणजे चुकीच्या रोगाचं औषध देणं. आमच्या आईला मी हे मराठीत समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "हे सांगायला अमेरिकेची बाई कशाला लागते?"

आता समोरची बाजू. एका पाळकसाहेबांशी माझी यावर बरीच चर्चा झाली (भले गृहस्थ आहेत, वर उल्लेख केलेल्या मंडळीचे नव्हेत). ते म्हणाले, मिर्यामचं काय? गणनाच्या बाराव्या अध्यायात मिर्याम आणि अहरोन मोशेविरुद्ध बोलतात, देव काय फक्त मोशेशीच बोलतो काय असं विचारतात, आणि मिर्यामला कोड फुटतं. प्रश्न विचारणाऱ्या बाईची ही गत झाली! दाखला अडचणीचा आहे, मी नाकारत नाही. अहरोनाला काही झालं नाही हे तर मला आजही खटकतं. पण मोशे सर्वांत नम्र माणूस होता हे वाक्य त्याच अध्यायात आहे, आणि तिथे तो नम्र माणूस काय करतो ते बघा. स्वतःची बाजू मांडत नाही. मिर्यामला लीनता नाही असं म्हणत नाही. तिला शिक्षा झाल्यावर ती बरी व्हावी म्हणून देवापुढे ओरडतो. तोच मोशे फारोपुढे उभा राहिलेला आहे. शिक्षा द्यायची ती देवाने दिली. आमच्या पंचांना देवाच्या जागी बसायला कोणी सांगितलं?

त्यांचा दुसरा मुद्दा असा की आजकालची तरुण पोरं खरंच उद्धट झाली आहेत. असतील. काही जण हिशेब मागतात ते हिशेबासाठी नव्हे, तर पुढच्या निवडणुकीत स्वतः पंच व्हायचं म्हणून, हेही मी पाहिलंय. तरीही उपाय तोच राहतो. हिशेब वाचून दाखवा. खोटा प्रश्न विचारणारा खऱ्या उत्तराने जितका लवकर गप्प होतो तितका प्रार्थनेने होत नाही.

हे भांडण मराठी चर्चमध्ये जुनं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याची बरीच वर्षं अमेरिकन मिशनमध्ये नगरला (आताचं अहिल्यानगर) काढली आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. देणारा मिशनरी आणि घेणारा देशी ख्रिस्ती हे नातं त्यांना बोचत होतं. त्यांची पदं आम्ही दर रविवारी गातो. त्यांनी पगार का सोडला यावर मात्र मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही.

पण यातलं सर्वांत बोलकं प्रकरण पंडिता रमाबाईंचं आहे, आणि ते जरा सावकाश सांगतो.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पंचविशीतल्या, विधवा, पदरी लहानगी मनोरमा. वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात उतरल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणायच्या. पुढची काही वर्षं या दोघींमध्ये जो पत्रव्यवहार झाला तो वाचताना मला ती वार्षिक सभाच आठवत राहिली.

रमाबाई प्रश्न विचारत होत्या. त्रैक्याचा सिद्धांत मला शास्त्रात दाखवा म्हणत होत्या. चर्चने सांगितलं म्हणून मानायचं हे त्यांना जमेना. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली, आता बिशपांचं जोखड कशाला घालू, असा त्यांचा सरळ सवाल होता. क्रूसावरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का नकोत, लॅटिन ही ना तुमची मातृभाषा ना माझी, हेही त्यांनी विचारून घेतलं. त्या मांसाहार करत नव्हत्या, तर तो जातीचा अभिमान ठरला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तर मुंबईचे आणि लाहोरचे बिशप मध्ये पडले: हिंदुस्थानात परत गेल्यावर हिची पत राहणार नाही, म्हणून नको. जिने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत बोलून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवल्या होत्या तिला हे सांगितलं गेलं! आणि या सगळ्याला, म्हणजे प्रश्नाला, क्रूसाला, भाजी-भाताला, शिकवण्याच्या इच्छेला, आजीबाईंकडे निदान एकच होतं. गर्व, हट्ट, स्वतःबद्दलचा फाजील विश्वास.

रमाबाईंमध्ये गर्व नव्हताच असं मला म्हणायचं नाही. ब्राह्मण घरातली, भागवत मुखोद्गत असलेली विदुषी. जातीचे पूर्वग्रह माझ्यात उरले असतील हे त्या स्वतःच पत्रात कबूल करतात. प्रश्न असा आहे की ते कोण म्हणतंय आणि कशासाठी. आजीबाईंच्या बाजूला अख्खं साम्राज्य होतं, चर्च होतं, बिशप होते, घरही त्यांचंच होतं आणि लेकीचा सांभाळही. रमाबाईंकडे होतं फक्त स्वतःचं डोकं. आणि तेच खाली ठेव म्हणून सांगितलं जात होतं. (इकडे पुण्यात पुढे शारदासदनाच्या प्रकरणात 'केसरी'नेही त्यांना झोडपलंच. दोन्ही बाजूंच्या पुरुषांचं एका बाबतीत एकमत होतं, बाई ऐकत नाही.)

मग ही गर्विष्ठ बाई पुढे काय करते? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणते. केडगावला मुक्ती मिशन उभं करते. (सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडल्यावर केडगाव स्टेशन लागतं. पुढच्या वेळी खिडकीतून बघा.) तिथे सगळ्या जातींच्या, आंधळ्या, आजारी, समाजाने टाकलेल्या बायका एकत्र राहत होत्या, शिकत होत्या, विणत होत्या, छापखाना चालवत होत्या. आणि आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी कशात घालवली? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणण्यात. आधीचं भाषांतर संस्कृतने जड झालेलं, साध्या बाईला कळत नव्हतं, म्हणून. थांबून विचार करा जरा. संस्कृतच्या जोरावर सरस्वती झालेली बाई म्हातारपणी बसून आपल्या मराठीतून एकेक संस्कृत शब्द काढून टाकतेय, कारण समोरच्या अडाणी मुलीला तो अडतो. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, काम पुरं करून. १९२४ मध्ये तो ग्रंथ मुक्तीतल्याच छापखान्यात बायकांनी छापून पूर्ण केला.

हे काम कोणी "लीन हो" म्हणाल्याने झालेलं नाही. बिशपांचं ऐकून चेल्टनहॅममध्ये वाकली असती तर ती आयुष्यभर कोणाच्या तरी मिशनमधली गुणी देशी मदतनीस राहिली असती, आणि मिशनच्या अहवालात तिच्या लीनतेवर दोन ओळी आल्या असत्या.

ही पत्रं १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापली. मूळ इंग्रजी आहेत, जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा चांगल्या ग्रंथालयात शोधा. आता ती जमवली कोणी, तर खुद्द सिस्टर जेराल्डीन यांनी. रमाबाईंची त्यांना न पटलेली, त्यांच्यावर रागावलेली, त्यांना निरुत्तर करणारी पत्रं त्यांनी वर्षानुवर्षं जपली, क्रमाने लावली, जागोजागी आपली टिपणं जोडली (टिपणांत गर्वाचा आरोप आहेच, तो काही त्यांनी सोडला नाही), आणि तरीही अवघड पत्रंही ठेवली, ज्यात त्या स्वतः हरलेल्या दिसतात तीसुद्धा.